ती सरकारी वकील, तो एफबीआय एजंट: रोमँटिक सस्पेन्स लिहायला बसण्याआधी

अमेरिकेतल्या फेडरल (म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्याखालच्या) खटल्यात तपास करणारा एजंट पुढे साक्षीदार म्हणूनही उभा राहतो. साक्षीदाराचा कल कुणीकडे आहे, खटला जिंकण्यात त्याचा काही स्वार्थ आहे का, हे जाणून घ्यायचा आरोपीला हक्क आहे. १९६३चा ब्रॅडी निकाल आणि १९७२चा जिग्लिओ निकाल सरकारी पक्षाला बजावतात, की आरोपीच्या फायद्याचं आणि तुमच्या साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का देणारं जे काही हाताशी असेल, ते बचाव पक्षाला द्या. आता हा साक्षीदार सरकारी वकिलाच्याच प्रेमात असेल तर?

तर ते प्रेम केसच्या फाइलमध्ये गेलं. या जोडीची गोष्ट लिहायला घेणारे बरेच जण नेमकं हेच विसरतात. मग प्रेम एका ताटात आणि गुन्हा दुसऱ्या ताटात वाढल्यासारखी कादंबरी होते: तीन प्रकरणं पाठलाग, एक प्रकरण मिठी, पुन्हा तीन प्रकरणं पाठलाग. दोघांमधलं नातं कबूल करणारा एक कागद कथेच्या मधोमध ठेवा. तो कोण लिहितं, कधी लिहितं आणि लिहायला उशीर झाला तर कुणाचं काय जातं, एवढं ठरलं की निम्मी कादंबरी उभी राहते.

पायरी १: दोघांच्या नोकऱ्या नीट लावा

अमेरिकेत ९४ फेडरल न्यायालयीन जिल्हे आणि ९३ यू.एस. अ‍ॅटर्नी आहेत (गुआम आणि नॉर्दर्न मारियाना बेटांना मिळून एकच). यू.एस. अ‍ॅटर्नीला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मंजुरी देतं. तो कार्यालयाचा प्रमुख, खटले चालवायला स्वतः क्वचितच उभा राहतो. रोज कोर्टात उभी राहते ती असिस्टंट यू.एस. अ‍ॅटर्नी. तिला सगळे आद्याक्षरांनी ‘ए-यू-एस-ए’ म्हणतात. तुमची नायिका ही. डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी म्हणजे निराळा माणूस, तो राज्याच्या कायद्याखालचे खटले चालवतो. न्यू जर्सीत तर त्याचं नावही काउंटी प्रॉसिक्युटर आहे. ही दोन पदं एकमेकांत मिसळली, की जाणकार वाचक पहिल्याच प्रकरणात पुस्तक मिटतो.

नायकाचं पद ‘स्पेशल एजंट’. ‘ऑफिसर’ किंवा ‘इन्स्पेक्टर’ लिहू नका. नेमणुकीच्या वेळी वय २३ ते ३६च्या आत लागतं आणि सर्वसाधारणपणे ५७व्या वर्षी सक्तीने निवृत्ती येते. म्हणून तिशीतला ‘वीस वर्षांचा अनुभव असलेला’ एजंट शक्य नाही, आणि बायको गेल्यावर चाळिशीत एफबीआयमध्ये भरती झालेला विधुरही नाही. प्रशिक्षण व्हर्जिनियात क्वांटिकोला. त्याच्या वर पथकाचा सुपरवायझर, आणि कार्यालयाच्या डोक्यावर ‘स्पेशल एजंट इन चार्ज’. हे पद कथेत दोनदा तरी लागतं: एकदा वॉरंटच्या घाईत, एकदा नातं उघडं पडल्यावर.

दोघंही अमेरिकन नागरिक असावे लागतात. एच-वन-बी व्हिसावरचा पुण्याचा मुलगा एफबीआयमध्ये बसवता येणार नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेली, मेट्रोपार्क स्टेशनहून न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाडीने न्यूअर्कला जाणारी मराठी मुलगी मात्र छान बसते. न्यू जर्सीचं अख्खं राज्य हा एकच फेडरल जिल्हा, त्याची कोर्टं न्यूअर्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला. मराठी लेखकासाठी ही जागा सोयीची आहे, कारण नायिकेच्या आईचं स्वयंपाकघर आणि नायिकेचं कोर्ट एकाच रेल्वेमार्गावर येतं.

दोघांच्या अधिकारांच्या मर्यादा टेबलासमोर चिकटवून ठेवा. एजंट कुणालाही शिक्षेत सूट कबूल करू शकत नाही, तो अधिकार तिच्या कार्यालयाचा. ती धाडीवर जात नाही आणि कामाचा भाग म्हणून पिस्तूल बाळगत नाही. धाड चालू असताना ती ऑफिसात फोनजवळ असते, आणि दारावर काही अनपेक्षित सापडलं की तो तिलाच फोन करतो: “इथे दुसरा लॅपटॉप आहे. वॉरंटमध्ये बसतो का?” तिच्या उत्तरावर तो पुरावा टिकणार की नाही हे अवलंबून असतं. असा एक फोन दहा मिठ्यांचं काम करतो.

आपल्या वाचकाला आणखी एक फरक समजावून द्यावा लागेल. आपल्याकडे सर्वसाधारणपणे पोलीस तपास करतात, आरोपपत्र ठेवतात आणि मग सरकारी वकील खटला हाती घेतात. तिथे मोठ्या तपासात ए-यू-एस-ए सुरुवातीपासून एजंटबरोबर असते. बँकेचे कागद मागवायचे, फोन टॅप करायचा, सर्च वॉरंट काढायचं, की तिचं टेबल आलंच. दोघांना दीड-दोन वर्षं रोज बोलावं लागतं. योगायोगाने भेटी घडवायची गरज नाही.

पायरी २: गुन्हा फेडरलच हवा

साधा खून हा बहुतेक वेळा राज्याचा विषय असतो, तिथे एफबीआय धावत येत नाही. नवशिक्यांच्या हस्तलिखितात सगळ्यात जास्त वेळा हेच चुकतं. फेडरल गुन्हा म्हणजे वायर फ्रॉड (फोन-इंटरनेटवरून केलेली फसवणूक), मेडिकेअरची (सरकारी आरोग्य विम्याची) लूट, सरकारी अधिकाऱ्याची लाचखोरी, हवाला वळणाचं मनी लाँडरिंग, बँक दरोडा, राज्याच्या सीमा ओलांडणारं अपहरण.

रक्त हवंच असेल, तर एक सरळ वाट आहे. पैशाच्या गुन्ह्यापासून सुरू करा आणि साक्षीदार मारा. फेडरल केसमधल्या साक्षीदाराला बोलू न देण्यासाठी केलेला खून हा फेडरल गुन्हा आहे (फेडरल दंडसंहितेचं कलम १५१२). उदाहरणार्थ, एक पॅथॉलॉजी लॅब डॉक्टरांना पाकिटं देते, डॉक्टर नको त्या चाचण्या लिहून देतात, बिल मेडिकेअरला जातं. लॅबचा हिशेबनीस सरकारला मदत करायला तयार होतो आणि एका सोमवारी कामावर येत नाही. इथपर्यंत नायिका कागदांमध्ये होती. इथून पुढे तिच्या केसमध्ये प्रेत आहे, आणि हिशेबनिसाचं नाव मोजक्या चार-पाच माणसांनाच ठाऊक होतं. त्यांत तो एजंटही आहे. संशय आणि प्रेम एकाच माणसावर येऊन बसलं, की रोमँटिक सस्पेन्स सुरू झाला.

पायरी ३: ज्या खोल्यांत दोघांना बसावंच लागतं

या जोडीचं खरं वैभव पाठलागात सापडत नाही, बंद खोल्यांत सापडतं. तीन खोल्या नीट शिकून घ्या.

पहिली ग्रँड ज्युरीची. १६ ते २३ नागरिक, आरोप ठेवायला किमान १२ मतं. आत न्यायाधीश नसतो, बचावाचा वकील नसतो. सरकारी वकील, साक्ष देणारा साक्षीदार, गरज पडल्यास दुभाषी, नोंद घेणारा रिपोर्टर आणि ज्युरी, बस्स. पुष्कळदा साक्षीदार तपासाचा एजंटच असतो. म्हणजे ती त्याला शपथेवर प्रश्न विचारते, तो तिच्याकडे बघून उत्तरं देतो, आणि आदल्या रात्री काय घडलं ते त्या खोलीत दोघांनाच माहीत असतं. इथे संवाद जितका कोरडा लिहाल तितका तो चटका देतो:

“एजंट, त्या रात्री आपण कुठे होतात?”
“पाळतीवर. अकरा वाजेपर्यंत.”
“आणि अकरानंतर?”
“ड्यूटी संपली होती.”
“पुढचा प्रश्न.”

त्या “पुढचा प्रश्न”मध्ये तिने काय टाळलं ते वाचकाला कळतं, ज्युरीला नाही. गोपनीयतेचा नियमही लक्षात असू द्या: वकील, ज्युरी आणि रिपोर्टर यांनी आतलं बाहेर सांगायचं नाही, पण साक्षीदारावर ते बंधन नसतं. बातमी कुठून फुटली या रहस्याला हा आयता उंबरठा आहे. ती मात्र आईलासुद्धा काही सांगू शकत नाही, आणि मराठी आईला ‘सांगता येत नाही’ हे सांगणं ग्रँड ज्युरीपेक्षा अवघड.

दुसरी खोली ‘प्रॉफर’ची. आरोपी किंवा संशयित वकिलासह येतो, मर्यादित संरक्षणाचा करार सही करतो आणि काय माहीत आहे ते सांगतो. बोलीत याला ‘एका दिवसाची राणी’ म्हणतात. आपल्या माफीच्या साक्षीदाराच्या आधीची ही पायरी समजा, पण माफी अजून कुणी दिलेली नसते. ती इथे एकटी बसू शकत नाही. पुढे त्या माणसाने जबाब फिरवला, तर तो आधी काय म्हणाला होता हे कुणीतरी कोर्टात सांगावं लागेल. ते ती सांगायला गेली, तर स्वतःच्याच खटल्यात साक्षीदार होईल आणि वकील म्हणून बाजूला व्हावं लागेल. म्हणून एजंट खोलीत असतो आणि टिपणं घेतो. त्यातून तयार होणाऱ्या अहवालाला एफबीआयमध्ये ‘थ्री-ओ-टू’ म्हणतात, फॉर्मच्या क्रमांकावरून. हा शब्दशः जबाब नसतो, एजंटने आपल्या भाषेत लिहिलेला सारांश असतो. तिच्या आठवणीतलं वाक्य आणि त्याच्या थ्री-ओ-टू मधलं वाक्य यांत एका शब्दाचा फरक ठेवा. ‘त्याने सांगितलं’ आणि ‘त्याने कबूल केलं’ यांमधल्या फरकावर एक अख्खं भांडण उभं राहतं, आणि ते भांडण प्रेमाचंही असतं.

तिसरी खोली म्हणजे खुद्द कोर्ट. साक्षीदारांना एरवी एकमेकांच्या साक्षी ऐकू देत नाहीत, पण सरकारी पक्ष एका अधिकाऱ्याला आपला प्रतिनिधी म्हणून टेबलाशी बसवू शकतो. तो सहसा केस एजंट, म्हणजे त्या केसचा मुख्य तपास करणारा एजंट, असतो. म्हणजे दोन-तीन आठवडे तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर, आणि बारा ज्युरर दोघांकडे रोज बघताहेत. चिठ्ठी सरकवताना बोटं लागली, तर ते सातव्या क्रमांकाच्या ज्युररला दिसतं. फेडरल फौजदारी खटल्यात कॅमेरे नसतात, टीव्हीला चित्रकाराचं रेखाटन मिळतं. त्या रेखाटनात दोघं किती जवळ बसलेले काढलेत, यावरून प्रसंग घडवता येतो.

पायरी ४: घड्याळं

सस्पेन्ससाठी बॉम्बच्या टिकटिकीची गरज नाही. कार्यपद्धतीत पुरेशी घड्याळं आहेत:

सर्च वॉरंट मिळाल्यावर जास्तीत जास्त १४ दिवसांत बजावावं लागतं, आणि खास परवानगी नसेल तर सकाळी ६ ते रात्री १० याच वेळात. फोन टॅपचा आदेश ३० दिवसांचा. त्याला वॉशिंग्टनमधल्या न्याय खात्याची मंजुरी आणि डिस्ट्रिक्ट जजची सही लागते, मॅजिस्ट्रेट जजची चालत नाही. ऐकणाऱ्यांनी केसशी संबंध नसलेलं बोलणं सुरू झालं की ऐकणं थांबवायचं असतं. (खलनायक आधी दहा मिनिटं क्रिकेटवर बोलतो आणि कामाचं वाक्य मग बोलतो, ही जुनी पण उपयोगी युक्ती.) अटकेनंतर इन्डाइटमेंट (ग्रँड ज्युरीने ठेवलेला आरोप) ३० दिवसांत. खटला ७० दिवसांत उभा राहायला हवा, पण त्यातून अर्जांचे, गुंतागुंतीच्या केसचे दिवस वजा होतात, म्हणून प्रत्यक्षात वर्षही उलटतं. कोठडीच्या सुनावणीसाठी सरकार ३ दिवसांपर्यंत मुदत मागू शकतं, बचाव पक्ष ५. आणि सगळ्यांत मोठं घड्याळ: बहुतेक फेडरल गुन्ह्यांना ५ वर्षांची मुदत असते. त्या तारखेच्या आत इन्डाइटमेंट आलं नाही, तर आरोपी सुटला.

यांतली दोनच निवडा. सगळी घातली तर कादंबरीचं वेळापत्रक होतं. ५ वर्षांची मुदत आणि टॅपचे ३० दिवस ही जोडी चांगली चालते. मुदत संपायला ४१ दिवस असताना टॅप सुरू करा. ३०व्या दिवशी मुदतवाढीसाठी पुन्हा प्रतिज्ञापत्र करायचं, ते एजंटने शपथेवर करायचं, आणि नेमकं त्याच सकाळी तिला कळतं की त्याने तिच्यापासून काहीतरी लपवलंय.

पायरी ५: तो कागद

प्रेमात पडणं हा गुन्हा नाही. नातं लपवून तिने खटला चालवणं आणि त्याने साक्ष देणं, इथे आग लागते. कबुली कधी द्यायची याचे चार मार्ग आहेत.

संयमाचा मार्ग: निकाल लागेपर्यंत काही घडूच द्यायचं नाही. हा कायद्याला धरून आहे, पण सत्तर हजार शब्द नुसत्या नजरांवर रेटणं फार कसलेल्या हाताचं काम. नवीन माणसाने याच्या वाट्याला जाऊ नये.

जुन्या ओळखीचा मार्ग: दोघं सहा वर्षांपूर्वी एकत्र होती, आता एकाच केसवर नेमली गेली. इथे पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांना सांगायला हवं होतं. ‘तेव्हाचं संपलंय’ असं मानून ती सांगत नाही. चूक लहान आणि माणसासारखी आहे म्हणून वाचक तिला माफ करतो, पण बचावाचा वकील करत नाही.

लपवण्याचा मार्ग: दोघं मुद्दाम लपवतात. याचा परिणाम कथेत भोगावाच लागतो. बचाव पक्ष अर्ज करतो, एजंटला उलटतपासणीत तिच्याबद्दल विचारलं जातं, तो शपथेवर खोटं बोलला तर नोकरी आणि स्वातंत्र्य दोन्ही पणाला. तिच्यावर न्याय खात्याच्या ऑफिस ऑफ प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटीची चौकशी. खरा गुन्हेगार सुटू शकतो. हे सगळं तुम्ही तीन पानांत गुंडाळणार असाल, तर हा मार्ग घेऊ नका.

आणि चौथा, आमच्या मते सगळ्यात फळणारा: ती स्वतः जाऊन सांगते. कादंबरी सुमारे साठ टक्के झालेली असताना, त्याला न विचारता. कारण त्या दिवशी तिला बचाव पक्षाला कागद द्यायचेत आणि तिच्या हाताने खोटी यादी द्यायला तिचं मन धजत नाही. वरिष्ठ तिला केसवरून काढतात. त्याला हे बातमी म्हणून कळतं. आता ती केसबाहेर आहे, तिच्याकडे फाइल नाही, संरक्षण सैल झालंय, आणि खलनायकाला मात्र हिशेबनिसाने तिला शेवटी काय सांगितलं ते हवंय. प्रेम सर्वांत खाली आणि धोका सर्वांत वर, असं एकाच प्रकरणात घडतं. ही सांधेजोड जमली की बाकीचं शिवणकाम सोपं.

मोबाइलबद्दल एक इशारा. एजंट साक्षीला उभा राहिला, की त्याने साक्षीच्या विषयावर पूर्वी लिहिलेलं बचाव पक्षाला द्यावं लागतं. १९५७चा जेंक्स कायदा त्यासाठीच आहे. ‘आज घाबरली होतीस का? तो माणूस मला खरा वाटला नाही’ अशा मेसेजचा पहिला अर्धा भाग प्रेमाचा, दुसरा केसचा. तो मेसेज कोर्टात मोठ्याने वाचला जाऊ शकतो. आपल्या नायक-नायिकेचे मेसेज लिहिताना हे डोक्यात ठेवून लिहा, मग प्रत्येक ‘गुड नाइट’ला धार येते.

पायरी ६: धोका आणि पहारा

तिला धमकी आली की नायक बॅग घेऊन तिच्या घरी राहायला येतो, हा प्रसंग इतक्या कथांत आलाय की तो खरा वाटू लागलाय. फेडरल न्यायाधीशांच्या आणि सरकारी वकिलांच्या संरक्षणाचं काम यू.एस. मार्शल्स सर्व्हिसचं. म्हणजे तिच्या दाराबाहेर गाडीत बसलेला माणूस तिसराच असतो, डेप्युटी मार्शल. याचा फायदा घ्या. तो माणूस वहीत नोंद करतो: ‘रात्री ११.४०, एफबीआय एजंट आत. सकाळी ६.१०, बाहेर.’ पंधरा प्रकरणांनंतर ती वही कुणाच्या तरी टेबलावर येते.

साक्षीदार संरक्षणाचा कार्यक्रमही १९७१पासून मार्शल्सच चालवतात, एफबीआय नाही. नियम पाळणारा एकही साक्षीदार आजवर मारला गेला नाही, असं मार्शल्स अभिमानाने सांगतात. म्हणून तुमचा संरक्षित साक्षीदार मारायचा असेल, तर आधी त्याच्याकडून नियम मोडून घ्या. तो जुन्या घरी फोन करतो, किंवा मुलीच्या वाढदिवसाला लांबून बघायला जातो. कारण जितकं मायेचं, तितका त्याचा मृत्यू लागतो.

धोका खोटा वाटू नये म्हणून एक खरी घटना माहीत असावी. ११ ऑक्टोबर २००१ रोजी सिअ‍ॅटलमध्ये थॉमस वेल्स या असिस्टंट यू.एस. अ‍ॅटर्नीची राहत्या घरी गोळ्या झाडून हत्या झाली. त्या तपासातून सिअ‍ॅटलच्या यू.एस. अ‍ॅटर्नी कार्यालयाला बाजूला व्हावं लागलं, कारण मेलेला माणूस त्यांचाच होता. ही घटना जशीच्या तशी कथेत वापरू नका, ते कुटुंब जिवंत आहे. नियम तेवढा घ्या: नायिकेवर हल्ला झाला, की ती त्या प्रकरणात पीडित आणि साक्षीदार होते. तो खटला ती चालवू शकत नाही, बहुधा तिचं कार्यालयही नाही. ‘माझ्यावर गोळी झाडणाऱ्याला मीच फासावर लटकवीन’ हा संवाद खोडून टाका.

नायकाचंही तसंच. त्याने शेवटच्या झटापटीत गोळी झाडली, तर त्याच्या गोळीबाराची चौकशी लागते, जबाब घेतले जातात. गोळीनंतरच्या पानावर दोघं समुद्रकिनाऱ्यावर नसतात. तो एका खोलीत, ती दुसऱ्या खोलीत, आणि दोघांना एकमेकांशी बोलू नका असं सांगितलेलं. क्लायमॅक्सनंतरची ही ताटातूट पुष्कळ लेखक वाया घालवतात.

पायरी ७: प्रकरणांची मांडणी

पहिल्या कादंबरीला ७०,००० शब्द पुरे. २,००० शब्दांचं एक, अशी ३५ प्रकरणं. मोबाइलवर क्रमशः टाकणार असाल तर १,२०० ते १,५०० शब्दांचे भाग करा आणि शेवटची ओळ केसच्या धाग्यावर सोडा. प्रेमाच्या धाग्यावर सोडलेली ओळ दुसऱ्या दिवशी थंड होते.

दृष्टिकोन दोघांचे, आलटून पालटून, पण हिशेबाने नाही. त्या प्रसंगात ज्याच्याकडे गमावण्यासारखं जास्त, त्याच्या डोळ्यांतून लिहा. तिसऱ्या प्रकरणापर्यंत दोघं एका खोलीत, नवव्याच्या आसपास हिशेबनीस गायब, सोळाव्यात पहिली जवळीक, एकविसाव्यात तिची कबुली, तिसाव्यात खलनायकाशी गाठ, उरलेली पाच खटला आणि दोघांसाठी. सोळावं प्रकरण पुढे ढकलायचा मोह होईल. ढकललंत तर एकविसाव्यातल्या कबुलीला वजन राहत नाही, कारण कबूल करण्याजोगं फारसं घडलेलंच नसतं.

खलनायक बारा प्रकरणांच्या आत एकदा तरी साध्या वेषात दिसलेला हवा. तो बचावाचा वकील नको, ते फार झालं. तिच्या कार्यालयातला वरिष्ठ तर त्याहून झालं.

दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहीत असाल, तर एकच घड्याळ, एकच खोली (प्रॉफरची घ्या) आणि कबुलीपाशी थांबा.

पायरी ८: मराठीत लिहिताना

ही माणसं इंग्रजीत बोलतात, तुम्ही मराठीत लिहिता. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम, आपल्याकडे ‘तुम्ही’ आणि ‘तू’. ही अडचण वाटते, पण प्रेमकथा लिहिणाऱ्याला हे वरदान आहे. दोघं ‘तुम्ही’वर सुरू करा. ‘तू’ कधी येतो ते आधी ठरवा, आणि तो प्रेमाच्या प्रसंगात आणू नका. भीतीच्या प्रसंगात आणा: गोळीचा आवाज होतो आणि त्याच्या तोंडून “खाली बस, तू खाली बस!” निघतं. मग कोर्टात पुन्हा ‘तुम्ही’वर जावं लागतं, आणि तिथला प्रत्येक ‘तुम्ही’ वाचकाला बोचतो. कबुलीनंतरच्या भांडणात तो चिडून ‘आपण’ म्हणाला तर बघा काय होतं.

कायद्याचे शब्द तोलून घ्या. ज्युरी, वॉरंट, जामीन, उलटतपासणी, प्रतिज्ञापत्र हे वाचकाला चालतात. इन्डाइटमेंटला ‘आरोपपत्र’ म्हटलं, की वाचकाच्या डोळ्यांपुढे पोलीस ठाणं येतं. पहिल्यांदा ‘ग्रँड ज्युरीने ठेवलेला आरोप’ असं उलगडून सांगा, मग इन्डाइटमेंटच लिहा. एफआयआर, अटकपूर्व जामीन, ‘मिलॉर्ड’ हे तिथे नाहीत. न्यायाधीशाला ‘युअर ऑनर’. खटल्याचं नाव ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध अमुक’, आणि ते पुकारलं जाताना ती उठून सांगते की मी युनायटेड स्टेट्सतर्फे उभी आहे.

ज्युरी म्हटलं की मराठी वाचकाला मुंबईचा १९५९चा नानावटी खटला आठवतो. तिथे ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं आणि सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. अमेरिकन फेडरल कोर्टात बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं, आणि ज्युरीने निर्दोष सोडलं की विषय संपला, सरकारला त्यावर अपील नाही. एकच ज्युरर अडून बसला तर खटला पुन्हा उभा राहू शकतो. बाराही जण ‘निर्दोष’ म्हणाले तर कधीच नाही. निकालाच्या प्रकरणाआधी कुठेतरी, संवादातून, हे वाचकाच्या कानावर घाला. नाहीतर ‘हायकोर्टात बघू’ असं मनात म्हणत तो निवांत वाचत राहील.

शेवट

या प्रकाराचा वाचक दोघं एकत्र येणार हे गृहीत धरूनच पुस्तक घेतो; ते मोडायचं असेल तर मुखपृष्ठावर ‘रोमँटिक’ लिहू नका. पण एकत्र कुठे, हे ठरवायला हवं. एकाच केसवर पुन्हा नाही. ती दिवाणी विभागात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात, तो दुसऱ्या पथकात, अशी बदली शेवटून दुसऱ्या प्रकरणात उरकून घ्या.

आणि तारखेकडे लक्ष द्या. दोषी ठरलेला आरोपी नवा पुरावा सापडल्याच्या कारणावरून नव्या खटल्याची मागणी निकालानंतर ३ वर्षांपर्यंत करू शकतो. उपसंहार ‘एक वर्षानंतर’ असा टाकलात, तर मार्शलची ती वही अजून जिवंत आहे. तिला सांगून टाकायला लावली असेल तर एक वर्ष चालेल. लपवायला लावलं असेल, तर लग्नाचा प्रसंग निदान चौथ्या वर्षात घ्या, किंवा लग्नाच्या आदल्या दिवशी दारावर समन्स घेऊन माणूस पाठवा आणि दुसऱ्या भागाची तयारी करा.